'कॉन्व्हॉय' आणि 'लायनर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकवरच्या जहाजांवर मराठीत लिहितो आहे. 'कॉन्व्हॉय'ला, म्हणजे युद्धनौकांच्या रखवालीत एकत्र जाणाऱ्या जहाजांना, 'ताफा' म्हटले, पण ताफा म्हणताच मंत्र्यांच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. 'काफिला' वाळवंटातला वाटतो. 'लायनर'ला काय लिहू?

प्रतिसाद :
ताफा चालेल, पण नुसत्या ताफ्यात रक्षणाचा अर्थ येत नाही, आणि कॉन्व्हॉयचा तर तोच प्राण. पहिल्यांदा 'रक्षित ताफा' लिहा, पुढे ताफा पुरेल. सोबतच्या युद्धनौका म्हणजे 'रखवालीची जहाजे'. ताफा मोडण्याला 'पांगणे' हे क्रियापद अगदी नेमके बसते. कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून इंग्लंडकडे निघालेल्या एचएक्स-८४ ताफ्यावर ५ नोव्हेंबर १९४० रोजी 'अ‍ॅडमिरल शेअर' ही जर्मन युद्धनौका चालून आली. ताफ्याला पांगायचा हुकूम झाला आणि रखवालीचे एकुलते एक जहाज 'जर्व्हिस बे' तिच्यावर धावून गेले. 'जर्व्हिस बे'वर जुन्या ६ इंची तोफा, समोर ११ इंची. तिचे कॅप्टन फेगन जहाजासह बुडाले, पण बहुतेक जहाजे निसटली.

प्रतिसाद :
'जर्व्हिस बे' मुळात लायनरच! ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी धावणारी ती लायनर, म्हणून नुसते 'प्रवासी जहाज' अपुरे पडते. आपल्याकडे 'विलायतेची मेलबोट' म्हणत, मला तोच शब्द जिवंत वाटतो. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला मुंबईहून ज्या 'राजपुताना' बोटीने गेले, तिच्यावरही युद्धात तोफा चढवल्या. एका ताफ्याची रखवाली केल्यानंतर एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. अशा बोटीला 'युद्धनौका' म्हणू नका, चिलखती पत्रा नसलेली ती बोट होती. 'तोफा चढवलेली मेलबोट' असे सरळ लिहा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग 'क्वीन मेरी' ही मोठी लायनरही ताफ्यातलीच ना?

प्रतिसाद :
नाही, तिथे ताफा शब्द चुकेल. सैनिक नेणारी ती बोट २८ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास धावे, पाणबुड्यांना गाठता येत नसे, म्हणून महासागर ती एकटीच ओलांडे. आयर्लंडजवळ आल्यावर विमानांपासून रक्षणाला क्रूझर, म्हणजे वेगवान मध्यम युद्धनौका, भेटे. २ ऑक्टोबर १९४२ रोजी 'क्वीन मेरी' नागमोडी जात होती, तर 'कुराकोआ' क्रूझर सरळ. मोठ्या बोटीने क्रूझरचे दोन तुकडे केले. पाणबुड्यांच्या भीतीने न थांबण्याचा हुकूम होता, म्हणून 'क्वीन मेरी' थांबली नाही. 'कुराकोआ'वरचे ३०० हून अधिक खलाशी गेले.