अपडेटनंतर गेलेल्या सोयी परत कशा आणायच्या?

रानवारा
फोनवर अँड्रॉइड ११ होतं, त्यावर थेट १३ चढलं. तेव्हापासून तीन गोष्टी खटकताहेत.

वरचा पडदा ओढला की वाय-फाय आणि मोबाइल डेटाची वेगळी बटणं असायची, एका टिचकीत डेटा बंद. आता 'इंटरनेट' नावाचं एकच बटण आहे. ते दाबायचं, खिडकी उघडली की मग त्यात डेटा बंद करायचा. दुसरं, फोन ॲपमध्ये 'फेव्हरिट्स' आणि 'रिसेंट्स' एकाच पानावर कोंबलेत. तिसरं, फाइल मॅनेजरमधून 'अँड्रॉइड' फोल्डरमधलं 'डेटा' फोल्डर उघडत नाही. सरळ जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का?

चकमक
परत जायच्या आधी कोणती सोय कुणी काढली ते बघा. फोन ॲपचा बदल अँड्रॉइडचा नाहीच. गुगलच्या फोन ॲपचं रूप २०२५ च्या ऑगस्टमध्ये बदललं आणि ते प्ले स्टोअरमधून आलं. फोन अपडेट न करताही खूप जणांचा कॉल स्क्रीन त्याच सुमारास बदलला.

सेटिंग्ज > ॲप्स > फोन, वर उजवीकडचे तीन ठिपके, 'अनइंस्टॉल अपडेट्स'. डेटा जाईल असा इशारा येतो. त्यात ॲपची स्वतःची सेटिंग्ज जातात. कॉलची यादी सिस्टिमकडे वेगळी साठवलेली असते, ती राहते. मग लगेच प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावरच्या तीन ठिपक्यांतून 'ऑटो अपडेट'ची खूण काढा, नाहीतर रात्रीत पुन्हा तेच.

हा उपाय कधीकधी फसतो, कारण नवं रूप गुगलच्या सर्व्हरवरूनही चालू करता येतं. तसं झालं तर दुसरं डायलर (कॉल लावायचं) ॲप टाकून तेच डीफॉल्ट करा.

आडवाटेने
बटणांचा बदल मात्र सिस्टिममधलाच, २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासूनचा. लोक नेटवर्क सुधारावं म्हणून वाय-फाय बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात, असं गुगलचं म्हणणं. त्यासाठी डेटाचं बटण काढून घ्यायची गरज नव्हती, हे माझं स्पष्ट मत.

रूट न करता, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा न घेता, उपाय आहे: 'शिझुकू' (दुसऱ्या ॲपला जास्तीचे अधिकार देणारं) आणि 'बेटर इंटरनेट टाइल्स' (वेगळी बटणं देणारं) ही दोन ॲप. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर ७ वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. वाय-फायला जोडलेलं असताना त्यात 'वायरलेस डीबगिंग' चालू करा. शिझुकूत 'पेअरिंग' सुरू करा आणि डीबगिंगच्या पानावर 'पेअर विथ कोड' दाबा. बहुतेक जण इथे अडकतात: कोड दिसल्यावर ते पान सोडून शिझुकूत गेलात की कोड रद्द होतो. पान तसंच ठेवून वरचा पडदा ओढा आणि शिझुकूच्या नोटिफिकेशनमध्येच ६ आकडे टाका. मग शिझुकूत 'स्टार्ट' दाबा, टाइल्सच्या ॲपला परवानगी द्या आणि पडद्याच्या 'एडिट'मधून नवी बटणं वर ओढा.

फोन रीस्टार्ट झाला की शिझुकू परत सुरू करावं लागू शकतं. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर काही बँकांची ॲप उघडत नाहीत, तेही आधी तपासा.

तिरीप
जुन्या आवृत्तीवर जायचा नाद सोडा. त्यासाठी बहुतेक फोनवर बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि त्यातच फोन पूर्ण पुसला जातो. कित्येक फोनवर तो अनलॉकच होत नाही. शिवाय काही फोनवर अँटी-रोलबॅक, म्हणजे मागे जाऊ न देणारं कुलूप असतं: गुगलच्या पिक्सेल ६ वर २०२२ मध्ये आलेलं अँड्रॉइड १३ टाकल्यावर १२ च्या आधीच्या बिल्डवर परतता येत नाही, जुना बूटलोडर बूटच होत नाही.

'डेटा' फोल्डरवर बंधनं ११ पासूनच आली, १३ मध्ये काही पळवाटाही बुजल्या. एका ॲपने दुसऱ्याच्या फाइली वाचू नयेत म्हणून हे केलंय आणि ते मला पटतं. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून 'फाइल ट्रान्सफर' निवडा, फोल्डर तिथे उघडतं.

रानवारा
फोन ॲपचं काम झालं, बटणंही आली. पुढचा अपडेट आपोआप चढू नये म्हणून काय करू?

तिरीप
डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स' बंद करा. त्याने रीस्टार्टच्या वेळी अपडेट आपोआप चढत नाही. डाउनलोड आणि नोटिफिकेशन मात्र येत राहतात. सुरक्षेचे छोटे पॅच टाळू नका. आवृत्तीचा आकडा बदलणार असेल तेव्हा थांबा, आपल्याच मॉडेलवाल्यांना काय गायब झालेलं दिसतंय ते वाचा आणि मगच 'इन्स्टॉल' दाबा.