मदत हवी आहे: खणाचा कुर्ता, मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) अडकलेय

गेल्या दिवाळीपासून ठरवलंय की रेडिमेड घ्यायचं नाही, स्वतः शिवलेलंच घालायचं. आतापर्यंत आजीच्या पायमशीनवर चार कॉटन कुर्ते आणि दोन पायजमे झाले, रोज ऑफिसला घालते. पहिला कुर्ता धुतल्यावर आटला, तेव्हापासून कापड रात्रभर भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावत नाही.

आता कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणलाय, हौसेने. पण हा मुळात चोळीचा, त्यामुळे पन्हा (कापडाची रुंदी) अगदी कमी, माझ्याकडचा जेमतेम ३० इंच, म्हणजे पुढचा-मागचा भाग वेगळा कापूनही घेराला कळ्या (बाजूचे त्रिकोणी तुकडे) जोडाव्याच लागणार आणि तिथे बुट्ट्या जुळत नाहीयेत, शिवाय कापलं की कडेचे धागे भराभर सुटतात आणि कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन नाहीये माझ्याकडे. मुंढ्याला तर चुण्याच पडतायत, दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा उसवलं तर कापडच राहणार नाही!

शिलाईच्या बाहेर माया (जादा कापड) किती सोडू, अर्धा इंच पुरेल का? अस्तर आधी खणाला टाचून मग एकत्र बेतू की वेगळं शिवून आत लावू? आणि कळीला काठ वापरला तर बरं दिसेल का? कोणी शिवला असेल तर फोटो टाका ना प्लीज, उलट्या बाजूचा पण.