अकूस्टिक गिटारवरचे टॅपिंग कसे ऐकावे?

तापीकाठचा श्रोता (जळगाव)

नमस्कार मंडळी. माझा प्रश्न वाजवण्याविषयी नसून ऐकण्याविषयी आहे. माझे कान तबला, पेटी आणि नाट्यसंगीत यांवर तयार झाले. गिटार हे ऑर्केस्ट्रातले साथीचे वाद्य आहे, एवढीच माझी आजवरची समजूत होती. दिवाळीत पुण्याला शिकणारा भाचा घरी आला आणि त्याने एकट्याने गिटार वाजवून दाखवली. सुरुवातीला त्याने केसांना बांधायचा रबर गिटारच्या मानेवर, खुंट्यांच्या जवळ, सहाही तारांभोवती गुंडाळला. मग उजवा हात भोकापाशी न ठेवता सरळ डाव्या हाताच्या शेजारी आणला आणि दोन्ही हातांची बोटे वरून तारांवर आपटू लागला. तार छेडणे असे जवळजवळ नव्हतेच. मधूनच तळहाताची थाप खोक्यावर पडायची, कधी अंगठ्याने कडेवर टिचकी.

आमचे सासरे ओसरीवर बसून हे पाहत होते. ते म्हणाले, "हाई काय शे भो, वाजाडी ऱ्हायना का ठोकी ऱ्हायना?" सगळे हसले, मीही हसलो, पण नंतर लक्षात आले की प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ही पद्धत वाजवणाऱ्याच्या सांगीतिक गरजेतून आली आहे की निव्वळ डोळे दिपवण्यासाठी, आणि माझ्यासारख्या श्रोत्याने त्यात नेमके काय ऐकायचे, हे कोणी जाणकार सांगतील काय? त्या रबराचेही कोडे आहेच. भाचा एवढेच म्हणाला, "मामा, त्याने आवाज क्लीन येतो."

सहा तारा (धुळे)

सर, आधी रबराचे सांगतो, कारण पुढचे बरेचसे त्यातूनच उलगडते. नेहमीच्या पद्धतीत डावे बोट तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबते आणि उजवे बोट ती छेडते. छेडणारे बोट ब्रिजच्या, म्हणजे खोक्यावर तारा अडकवलेल्या पट्टीच्या, बाजूला असल्यामुळे तेवढाच भाग वाजतो. टॅपिंगमध्ये बोट वरून हातोडीसारखे पडते आणि तार फ्रेटवर आदळल्यानेच सूर निघतो. या आघाताने तारेचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही थरथरतात. ब्रिजकडचा तुकडा हवा तो सूर देतो, तर खुंट्यांकडचा तुकडा भलताच काहीतरी गुणगुणतो. तो भलता सूर रबर गिळतो. काही वादक हेच काम दुसऱ्या हाताच्या तळव्याने करतात. भाच्याने रबर लावला याचा अर्थ त्याला आपल्या आवाजातली घाण ऐकू येते, आणि हे चांगले लक्षण आहे.

आता गरजेचा प्रश्न. छेडून वाजवताना एका सुरासाठी दोन्ही हात खर्च होतात, एक दाबायला आणि एक छेडायला. टॅपिंगमध्ये प्रत्येक हात स्वतंत्रपणे सूर काढतो, म्हणजे डाव्या हाताने खालचा खर्ज धरून ठेवावा आणि उजव्याने वर चाल वाजवावी, असे पियानोसारखे काम सहा तारांवर करता येते. एकट्या माणसाला साथीदाराशिवाय खर्ज, चाल आणि लय तिन्ही सांभाळायची असतील, तर ही वाट सुचणे स्वाभाविकच आहे.

अनेकांना वाटते की हे सगळे रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी 1978 मध्ये सुरू केले. ते खरे नाही, त्यांनी ते घराघरांत पोहोचवले. जिमी वेबस्टर या अमेरिकन वादकाने 1950 च्या दशकातच दोन्ही हातांनी स्पर्श करून वाजवण्याची पद्धत पुस्तकरूपाने शिकवली होती. एमेट चॅपमन यांनी 1969 पासून दोन्ही हात समांतर ठेवून वाजवण्याची रीत बसवली आणि तिच्यासाठी पुढे वेगळे वाद्यच बनवले. स्टॅन्ली जॉर्डन 1985 च्या सुमारास जॅझमध्ये याच रीतीने दोन वादकांचे काम एकटे करू लागले. पण ही मंडळी विजेच्या वाद्यांवर वाजवत होती, आणि त्याला कारण आहे. तार आणि फ्रेट यांच्यातले अंतर बाराव्या फ्रेटपाशी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते. बोट कितीही जोरात आपटले, तरी तार तेवढीच खाली जाते, म्हणून टॅप केलेला सूर छेडलेल्या सुरापेक्षा मुळातच लहान असतो. विजेच्या गिटारवर ॲम्प्लिफायर ही उणीव भरून काढतो. अकूस्टिक गिटारला मात्र स्वतःच्या लाकडावरच भागवावे लागते.

म्हणून मायकेल हेजेस यांचे काम मला मोठे वाटते. ते बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत रचनाशास्त्र शिकलेले होते आणि 1997 मध्ये मोटार अपघातात, वयाच्या 43 व्या वर्षी गेले. त्यांचा 1984 चा 'एरियल बाउंड्रीज' हा अल्बम मिळवा आणि त्याच नावाचा पहिला तुकडा ऐका. प्रथम ऐकताना दोन किंवा तीन गिटारी असाव्यात असे वाटते, पण आहे एकच. लहान आवाजाच्या अडचणीवर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे तारा वेगळ्या लावणे. तारा अशा लावायच्या की मोकळी तारसुद्धा रचनेतलाच सूर देईल. मग बोट उचलताना तार किंचित ओढली की तो मोकळा सूर आपोआप वाजतो. बोट पडते तेव्हा एक सूर, उठते तेव्हा दुसरा.

आपल्या कानांना जवळची एक जुळणी सांगतो. डीएडीजीएडी (सहा तारांच्या सुरांची पाश्चात्त्य नावे) नावाची जुळणी ब्रिटनमध्ये गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. यातल्या डीला षड्ज माना, म्हणजे सहा तारा सा, प, सा, म, प, सा अशा लागतात. तंबोऱ्यात आपण पंचम किंवा मध्यम यांपैकी एक निवडतो, इथे दोन्ही मोकळे आहेत आणि गंधार मुद्दाम नाही. त्यामुळे कोमल गंधार घ्यायचा की शुद्ध, हे वादकाच्या बोटावर राहते. भाच्याला विचारा, त्याची गिटार बहुधा याच्याच आसपास लावलेली असेल. कॅन्ससच्या अँडी मॅकी यांचा 2006 मधला जो व्हिडिओ जगभर पसरला आणि ज्यामुळे आपल्याकडची मुले या वाटेला लागली, तोही याच जुळणीतला आहे.

ऐकण्याचा क्रम माझ्यापुरता असा आहे. पहिल्यांदा फक्त खर्जाच्या तारांकडे लक्ष द्यायचे आणि तिथली ओळ स्वतंत्रपणे गुणगुणता येते का ते पाहायचे. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकायचे. हात दिसत नसताना तुकडा निम्मा झाल्यासारखा वाटला, तर तो निम्मा भाग कसरतीचा होता.

ठेका (अमळनेर)

मी तबला वाजवतो, त्यामुळे थापेविषयी बोलण्याचा थोडा अधिकार घेतो. खोक्यावरची थाप ऐकून 'वा, तबला आणि गिटार एकत्र' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तबल्याच्या पुडीवर शाई असते, तिच्यामुळे बोलाला सूर मिळतो, आणि डग्ग्यावर मनगट सरकवून तो सूर वरखाली नेता येतो. गिटारच्या पातळ फळीवर यातले काही होत नाही. ब्रिजजवळ तळहाताचा घुमारा, खांद्यापाशी जरा कोरडा आवाज, कडेवर टणक टिचकी, एवढीच तिची बाराखडी. डफाच्या जास्त जवळचे आहे ते. वहीगायन या आपल्या खानदेशी लोकगायनातला डफवाला मधोमध आणि कडेला मारून जे दोन-तीन बोल काढतो, त्यावरच रात्र उभी करतो, तेव्हा बाराखडी लहान असणे हा काही दोष नव्हे. पण मग ठेका पक्का हवा. बहुतेक व्हिडिओंत थाप पडते तिथे खर्जाचा सूर अर्ध्या मात्रेने मागे राहतो आणि गोंगाटात ते झाकले जाते. केकी किंग या अमेरिकन वादिकेचे मी मुद्दाम ऐकतो, कारण ती बरीच वर्षे ड्रम वाजवत होती आणि तिची थाप सुरावर लादलेली वाटत नाही. सुरांच्या मध्ये जी जागा उरते तिथेच ती पडते.

'सहा तारा' यांनी बोट उठताना निघणाऱ्या सुराचे जे सांगितले, ते सतारियांना नवे नाही. डाव्या हाताने तार ओढून सूर काढण्याला ते कृंतन म्हणतात. फरक एवढा की सतारीत कृंतन हा अलंकार आहे, आणि इथे त्याच अलंकारावर सगळे घर बांधले आहे.

माझी खरी तक्रार मींडेची आहे. टॅप केलेला सूर जन्मतो तसाच मरतो. तो लहान असतो, लवकर विझतो, आणि दोन्ही हात आपटण्यात गुंतलेले असल्याने त्याला ओढून दुसऱ्या सुरापर्यंत नेण्याची सवड क्वचितच मिळते. अर्धा तास सलग ऐकले की मला गळ्याची आठवण होऊ लागते. श्रोत्याने हे वाद्य संतुरासारखे ऐकावे, सारंगीसारखे नको, म्हणजे निराशा होत नाही.

सहा तारा (धुळे)

मींडेचे मान्य. म्हणूनच चांगले वादक सबंध तुकडा टॅपिंगवर उभा करत नाहीत. एखादी ओळ छेडून, ताणून वाजवतात आणि मग पुन्हा आपटण्याकडे वळतात. हेजेसही असेच करत.

एक राहिले होते. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट झटकन आपटून लगेच उचलले, तर तार दाबली जात नाही, नुसती मध्यावर दुभागते आणि वरच्या सप्तकाचा घंटेसारखा सूर निघतो. सातव्या फ्रेटवर तिचे तीन भाग होतात, पाचव्यावर चार. बोट रेसभर जरी सरकले तरी घंटा न वाजता नुसता 'ठक्' आवाज येतो. भाचा हे करत असेल तर तेवढ्या जागी कान द्या, कारण तिथे लबाडी चालत नाही.

खुंटी (भुसावळ)

मी वाद्ये दुरुस्त करतो. संगीतावर बोलणार नाही, लाकडावर बोलतो.

टॅपिंग करणारी मुले माझ्याकडे येतात ती एकच मागणी घेऊन: तारा आणखी खाली करून द्या. तार फ्रेटच्या जितकी जवळ, तितके बोटाला कमी कष्ट, हे खरे. पण 'सहा तारा' म्हणाले तसे, तार जितकी खाली तितका आघातही लहान, आणि त्याहून खाली गेले की तार पुढच्या फ्रेटवर घासून झणझणते. ही तडजोड प्रत्येकाच्या बोटाच्या जोरावर ठरते, कोणत्याही पुस्तकातल्या आकड्यावर नाही. तारा शक्यतो हलक्या लावाव्यात.

वरची फळी साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर थाप मारायची तर बोटातली अंगठी काढा. मधोमध, ब्रिज आणि भोक यांच्यामध्ये, मुठीने मारू नका. आतल्या पट्ट्यांचा डिंक सुटलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत.

आता आपल्या हवेचे. अकूस्टिक गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो आणि हवा पापडासारखी कोरडी असते. फळी आकसते, तिचे पोट आत बसते, तारा आपोआप खाली येतात, आणि फ्रेटची टोके मानेच्या कडेला बोटाला टोचू लागतात. मग मुलगा म्हणतो, वाद्य बिघडले. कूलरच्या खोलीत ठेवली तर दुसरेच दुखणे, कारण दिवसा दमट आणि कूलर बंद झाला की पुन्हा कोरडे. वाद्य खोक्यात बंद ठेवावे आणि सोबत साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवावा. बाजारातली महागडी वस्तू हेच काम करते.

तापीकाठचा श्रोता (जळगाव)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण भाचा परत येईपर्यंत थांबलो होतो. तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आला.

जुळणी खरोखरच सा-प-सा-म-प-सा अशीच होती. मी त्याला दोन तुकडे वाजवायला लावले आणि दोन्ही वेळा डोळे मिटून बसलो. पहिल्या तुकड्यात खर्जाची चार सुरांची ओळ शेवटपर्यंत सापडली आणि दुपारभर ती माझ्या तोंडात बसली. दुसऱ्या तुकड्यावर दिवाळीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. डोळे मिटल्यावर त्यात थापांखेरीज फारसे काही हाती लागले नाही. हे मी त्याला सांगितले. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला की तो तुकडा तो स्वतःही घरी एकटा असताना वाजवत नाही. घंटेचे सूर मात्र दहांपैकी सात-आठ वेळा लागले. उरलेल्या वेळी 'ठक्' झाले की तो स्वतःच मान हलवत होता.

सासऱ्यांनी या वेळी वेगळाच प्रश्न काढला. गंधार कुठल्याच तारेत नाही हे त्यांना पटेना, म्हणून त्यांनी भाच्याकडून आधी शुद्ध आणि मग कोमल गंधार त्याच खर्जावर तीन-चार वेळा वाजवून घेतला आणि मगच जेवायला उठले.

'खुंटी' यांना एक विचारायचे आहे. पाचव्या-सहाव्या फ्रेटपाशी खर्जाच्या दोन तारा झणझणत आहेत. दिवाळीत हे नव्हते. भाचा म्हणतो, फ्रेट घासून घ्यावेत. आपल्याकडे घेऊन येऊ काय?

खुंटी (भुसावळ)

आत्ता घासू नका, सर. वाद्य कूलरसमोरून हलवा, स्पंजाची डबी ठेवा आणि चांगला पाऊस होऊन पंधरा दिवस जाऊ द्या. फळी पूर्ववत झाली की बहुधा झणझण जाईल. आता फ्रेट घासले आणि श्रावणात तारा पुन्हा वर आल्या, तर घासलेला धातू परत येत नाही. तेव्हाही आवाज राहिला तर अवश्य आणा, आणि येताना भाच्यालाही आणा. तो कोणत्या जोराने बोट आपटतो हे पाहिल्याशिवाय मी तारांची उंची लावत नाही.