वेस्टा द्विनेत्रीतून (दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून) ओळखायचा कसा? मदत हवी आहे

सांजवेळ: वेस्टा सध्या तूळ राशीत आहे म्हणून रोज शोधतेय, पण नुसत्या चांदण्याच दिसतात. सव्वापाचशे किलोमीटरचा लघुग्रह आणि दिसू नये? लेक परवा आजोळी चाललाय, त्याआधी त्याला दाखवायचाच आहे. लवकर सांगा.

गोदाकाठ: कुठून बघताय? किती वाजता? द्विनेत्री कोणती?

रानवारा: द्विनेत्री ठेवून द्या. सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण घ्या, आकाशच बदलतं.

गोदाकाठ: रानवारा, परवापर्यंत डॉब कुठून आणायची? आणि त्यातूनही वेस्टा ठिपकाच. प्रतियुतीलासुद्धा, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतानाही, त्याचं बिंब एका विकलेपेक्षा (अंशाच्या ३६००व्या भागापेक्षा) लहान असतं. ताई, तबकडी शोधत असाल तर ती दिसणार नाही.

अभंग७: त्यापेक्षा सेरेस दाखवा की, सगळ्यात मोठा लघुग्रह!

रानवारा: सेरेस २००६ पासून बटुग्रह, म्हणजे ग्रहापेक्षा छोट्या गोल पिंडांच्या वर्गातला. शिवाय वेस्टा त्याच्याहून तेजस्वी. खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सला वेस्टा १८०७ मध्ये सापडला, तेव्हाही ठिपकाच होता.

मोगरा: हा पृथ्वीवर आदळू शकतो का? लोणारसारखा?

गोदाकाठ: नाही, तो मंगळ आणि गुरू यांच्या मध्येच फिरतो. तुकडे मात्र येतात. १९९६ मध्ये राजस्थानात पिपलिया कलानला पडलेली उल्का युक्राइट या दगडी जातीची, आणि हे दगड वेस्टाचेच मानले जातात. त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी रियासिल्व्हिया हे सुमारे ५०० किलोमीटर रुंद विवर आहे. नासाच्या डॉन यानाने २०११-१२ मध्ये ते जवळून पाहिलं.

सांजवेळ: माहिती छान, पण माझं काय? ठाण्यात आहे, गॅलरी पूर्वेला, समोर इमारत. आठ वाजता बघते. द्विनेत्री १० बाय ५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची).

गोदाकाठ: हे आधी हवं होतं! आठला तूळ जेमतेम उगवलेली असते, तुमच्या इमारतीमागे. अकरानंतर गच्चीवर जा. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या अ‍ॅपमध्ये वेस्टाची आजची जागा बघा आणि तिथले सगळे ठिपके लेकाकडून कागदावर काढून घ्या. उद्या त्याच वेळी पुन्हा. जो चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीने सरकला, तो वेस्टा. तेजाची प्रत ५.७ च्या आसपास (आकडा जितका लहान तितकं तेज जास्त), तुमच्या द्विनेत्रीला भरपूर.

रानवारा: तिपाई हवीच.

गोदाकाठ: कठड्यावर कोपर टेकवलं तरी चालतं.

सांजवेळ: गच्चीची किल्ली मागून आणली. पेन्सिल लाल उजेडात दिसते ना?

रानवारा: दिसते. टॉर्चवर लाल जिलेटिन लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.