मदत हवी आहे: न्यूझीलंडमध्ये डेबिट कार्डवर भाड्याची गाडी

मंडळी, ऑकलंडला उतरून 9 दिवस गाडी घ्यायची आहे, क्रेडिट कार्ड नाही. भारतीय बँकेचं डेबिट कार्ड आहे. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून मर्यादा वाढवली आहे. कार्डावर चालकाचंच नाव आहे, लायसन्स इंग्रजीत आहे.

खरी अडचण डिपॉझिटची. क्रेडिट कार्डावर रक्कम फक्त अडवतात, डेबिटवर ती खात्यातून प्रत्यक्ष जाऊ शकते. ती रक्कम परत येताना चलनाचा विनिमय दर बदललेला असला तर फरक आपल्याच माथी! फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं प्रवासी कार्ड) प्रीपेड असल्याने बऱ्याच ठिकाणी डिपॉझिटला चालत नाही.

पूर्ण विमा घेतल्यास डेबिटवर डिपॉझिट कमी करणारी कंपनी कोणती? परतावा किती दिवसांत आला? काउंटरवर परतीचं तिकीटही मागतात का?