बिलिंग सॉफ्टवेअरला भोक असेल तर भरपाई कुणी द्यायची?

वहीखाते (सांगली):
मी व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं बघतो. बहुतेकांचं बिलिंग आता ब्राउझरमध्येच चालतं. मध्यंतरी एका हळद व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर बिलाची लिंक पाठवली. लिंकच्या शेवटी बिलाचा नंबर होता, ४५१२. गिऱ्हाइकाने ४५१३ टाकून पाहिलं, तर दुसऱ्याच पेढीचं बिल उघडलं. नाव, मोबाईल, दर, मागची बाकी, सगळं समोर. ना लॉगिन, ना ओटीपी. कंपनीला फोन केला, तर म्हणे, "लिंक अनोळखी माणसाला देऊ नका."

भोक सॉफ्टवेअरमध्ये असेल तर भरपाई सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने द्यावी, असं माझं ठाम मत आहे. कायदा मात्र उलट बोट दाखवतो. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात जबाबदार धरला जातो तो डेटा फिड्युशरी, म्हणजे आमचा व्यापारी. काम दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलं तरी जबाबदारी त्याचीच, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एवढा दंड हळद व्यापाऱ्याला कुणी करणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्याला कोडची एक ओळ बघायला मिळत नाही, त्याने सुरक्षा ठेवायची म्हणजे करायचं काय?

कोल्हापुरी_कोडर:
नंबर बदलून दुसऱ्याचं बिल दिसणं ही आमच्या धंद्याला लाज आणणारी गोष्ट आहे, तिची बाजू मी घेणार नाही. पण त्यावरून सरसकट नियम काढू नका. एक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण आठवा. वेबसाइट बनवायला लागणाऱ्या अपाची स्ट्रट्स या फुकट सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्च २०१७ मध्येच आला होता. एक्विफॅक्सने तो आपल्या पोर्टलवर टाकला नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेरपर्यंत आतच होते, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. स्ट्रट्स फुकट देणाऱ्यांकडे भरपाई मागणार का? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं तेच झालं. जगभरच्या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये बसलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आणि ती सांभाळणारे मोजके स्वयंसेवक.

आमच्यासारख्या पाच-सहा जणांच्या कंपनीवर अमर्याद भरपाई लादलीत तर आम्ही शटर ओढू. मग तुमच्या व्यापाऱ्याला मोठ्या कंपन्यांकडेच जावं लागेल, आणि त्यांच्या करारात भरपाईला सहसा फीइतकीच मर्यादा असते.

मेघना_टेस्टर:
कोडर, एक्विफॅक्सचा सर्व्हर त्यांचा होता, आयटी टीम त्यांची होती. पॅच टाकणं त्यांच्या हातात होतं. ब्राउझरमधल्या बिलिंगमध्ये सर्व्हर, कोड, डेटाबेस सगळं कंपनीच्या ताब्यात. व्यापाऱ्याने पॅच टाकायचं ठरवलं तरी टाकणार कुठे?

त्यापेक्षा मे २०२३ मधलं मूव्हइट बघा. प्रोग्रेस सॉफ्टवेअरचं फायली पाठवायचं हे प्रॉडक्ट मोठमोठ्या कंपन्या वापरत होत्या. त्यात भोक निघालं एसक्यूएल इंजेक्शनचं. वेबपेजवरून आलेला मजकूर न तपासता डेटाबेसच्या आदेशात जोडला, की चोराने टाइप केलेलाच आदेश चालतो. हा प्रकार १९९८ पासून जाहीर आहे, आणि त्यावरचा उपाय, पॅरामीटराइज्ड क्वेरी (मजकूर आदेशापासून वेगळा ठेवणं), शिकाऊ प्रोग्रामरलाही शिकवतात. क्लॉप टोळीने पॅच यायच्या आधीच डेटा उचलला. पगाराचं काम करणारी झेलिस ही कंपनी मूव्हइट वापरत होती, म्हणून बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली. यात त्या कर्मचाऱ्यांनी किंवा बीबीसीने कोणता पॅच टाकायला उशीर केला?

वहीखाते, एक कळकळीचं सांगणं. त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, पुढचे नंबर टाकून बघू नकोस. एक स्क्रीनशॉट पुरे, तो कंपनीला आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ईमेल करा. परवानगीशिवाय संगणकात शिरणं आयटी ॲक्टच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि प्रामाणिकपणे भोक दाखवणाऱ्याला त्या कायद्यात वेगळं संरक्षण नाही. याच भीतीने माझ्या ओळखीचे कितीतरी टेस्टर गप्प बसतात, आणि भोक तसंच राहतं.

लेथवाला_भोसरी:
मी कारखानदार असूनही कोडर यांच्या बाजूने आहे. आमच्या भागात पूर्ण ऑफिसला मिळून एक लॉगिन, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, आणि नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचं खातं चालूच, हे सर्रास दिसतं. वर्षाला तीन हजार द्यायचे, त्यातही घासाघीस करायची, आणि सिक्युरिटी ऑडिटची अपेक्षा धरायची, हे बरोबर नाही.

वहीखाते:
पासवर्डचं मान्य, ती आमची बाजू. किमतीचं अजिबात मान्य नाही. गॅसची शेगडी स्वस्तात घेतली म्हणून ती गळकी चालते का? आणि बिल मागणारा कोण, हे सर्व्हरने तपासायला ऑडिट लागत नाही.

यंदा नूतनीकरणाच्या वेळी माझ्या व्यापाऱ्यांच्या वतीने मी लेखी मागणार आहे. त्रुटी कळल्यावर आम्हाला लगेच कळवायचं. सर्ट-इनला सहा तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहेच, मग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या व्यापाऱ्यालाच का नाही? सोडून जाताना सगळा डेटा एक्सेलमध्ये द्यायचा. आणि आधीपासून जाहीर असलेल्या प्रकारच्या त्रुटीमुळे नुकसान झालं तर भरपाई द्यायची.

कोल्हापुरी_कोडर:
पहिल्या दोन अटींवर आज सही करतो. तिसरीत 'जाहीर प्रकार' फार मोघम आहे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या, नेहमीच्या दहा धोक्यांच्या टॉप टेन यादीपुरतं ठेवा. तुमचं ४५१३ चं प्रकरण तिच्यात अगदी पहिल्या क्रमांकावर बसतं. आणि भरपाई जास्तीत जास्त वार्षिक फीच्या पाचपट.

मेघना_टेस्टर:
तीन हजारांच्या पाचपट पंधरा हजार झाले. हळदीच्या हंगामात व्यापाऱ्याचे दर शेजारच्या पेढीला कळले तर एका सौद्यात त्याहून जास्त जातात. मर्यादा फीवर ठरवू नका, किती पेढ्यांची बिलं उघडी पडली त्यावर ठरवा. त्यावर सही कराल का?