अंगणातल्या निंबावर वीज पडली, घराच्या भिंतीला तडा गेला. लाइट चालू करण्याआधी काय तपासावं?

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे.

अमळनेर तालुक्यात आमचं घर आहे. पुढचा भाग स्लॅबचा, मागचा जुना धाब्याचा: सागाच्या कड्या, त्यांवर लाकडी पट्ट्यांचं किलचन, वर पांढरी माती. काल संध्याकाळच्या अवकाळीत मागच्या निंबावर वीज पडली. झाडाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत उभी सोलली गेली. झाडालगतच्या भिंतीला तडा गेला, प्लास्टरचे पोपडे उडाले, स्विचबोर्ड भिंतीतून उखडून खाली पडला. टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर बंद आहेत. बोअरच्या मोटरीचा स्टार्टरही जळाला, आणि बोअर तर घरापासून बराच लांब आहे! माणसं सुखरूप आहेत, पण आई अजून त्या खोलीत पाय ठेवत नाही.

वायरमन म्हणतो, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बदला आणि चालू करा. माझं मन धजत नाही, कारण एका कडीच्या टोकाशी अजून जळका वास येतोय. आधी काय बघू? आणि गावात मोबाइल टॉवर आहे, मग आमच्यावर वीज पडलीच कशी?

तापीकाठ:
भाऊ, मेन स्विच बंदच ठेवा. बाकी सगळं नंतर, आधी ती कडी. सागाचं लाकूड मातीखाली आतल्या आत तासन्‌तास धुमसू शकतं, ज्वाळा उशिरा दिसते. त्या टोकावरची माती उकरा, लाकडाला हात लावून बघा. गरम लागलं किंवा धूर दिसला तर अग्निशामक दलाला बोलवा. लाइन तोडलेली असल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी मारू नका. आज रात्री तिथे कोणी झोपू नये.

तडा गेला तो असा: विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा, साधारण ३०,००० धरतात. तो ओल्या भिंतीतून गेला की आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि ती विटा-माती फोडून बाहेर पडते. निंबाची सालही त्यामुळेच सोलली. कड्या जिथे टेकल्यात तिथली भिंत गवंड्याला दाखवा.

वायरिंगसाठी मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावणारा इलेक्ट्रिशियन गाठा. भिंतीतल्या वायरचं इन्सुलेशन गेलं असेल तर वरून काही कळत नाही, नवी एमसीबी बसवूनही पुढे आग लागू शकते. एमसीबीला तुटायला काही मिलिसेकंद लागतात, वीज मायक्रोसेकंदांत काम करून जाते. मोटरीपर्यंत ती जमिनीतून आणि केबलमधून पोचली असणार. टॉवरचं संरक्षण त्याच्या आसपासपुरतंच असतं, सगळ्या गावाला नाही.

बोरीकाठ:
दादा, माती उकरली. कडीचं टोक कोळशासारखं झालंय, पण थंड आहे. दोन्ही बाजूंना टेकू लावून घेतले. आता छतावर तडितरक्षक बसवला तर पुढच्या वेळी टीव्ही, मोटर वाचेल का?

तापीकाठ:
टेकू लावलेत ते बरं केलंत. तडितरक्षक घर वाचवतो, उपकरणं नाही. त्यांच्यासाठी मेन बोर्डात एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्टर लागतो, मोटरीच्या स्टार्टरपाशी वेगळा. आणि तडितरक्षक व एसपीडी दोन्हींचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं, नाहीतर दोन अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे वीज घरातूनच वाट काढते. काम आयएस/आयईसी ६२३०५ या वीज-संरक्षणाच्या मानकाप्रमाणे करून मागा.

आपल्याकडे एक अडचण कायमची. काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात. म्हणून सळई ओल लागेपर्यंत खोल उतरवा आणि अर्थचा रेझिस्टन्स भर उन्हाळ्यात मोजून घ्या.

केळीबाग:
मध्येच बोलतो. दुरुस्तीला हात लावण्याआधी तडा, कडी, जळका बोर्ड, सोललेला निंब, सगळ्याचे फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा मागा. घराचा विमा आहे का? १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत विजेने झालेलं नुकसान धरतात. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जळका फ्रीज भंगारात देऊ नका.

बोरीकाठ:
घरकर्जाबरोबर विमा घेतलाय, पण तो स्लॅबच्या भागापुरताच आहे की धाब्यालाही लागू होतो, हे कागदात कुठे बघायचं?